‘दारू’ शब्दाचा नेमका अर्थ काय? तातडीने मदत हवी आहे

वाकळ: पणजोबांच्या लग्नाबद्दलचं जुनं पत्र इंग्रजी करून आज रात्री अमेरिकेतल्या भावंडांना पाठवायचंय. सगळं झालं, एका ‘दारू’पाशी अडलेय. मद्य लिहू का? शब्द मुळात आला कुठून तेही सांगा. शब्दकोश पाहिलाय. लवकर, प्लीज.

चाफेकळी: अख्खं वाक्य द्या ना ताई. नुसत्या शब्दावरून काय सांगणार?

सोरागंधक: मद्य नाही. जुन्या कागदांत दारू म्हणजे बंदुकीची. सोरा 75, कोळसा 15, गंधक 10 भाग. दारूगोळा त्यातलाच. मुंबईत रे रोडजवळ दारूखाना आहे, जहाजं तोडतात तिथे.

रानवाट: वाक्य न बघता इतकं ठाम? मूळ संस्कृत ‘दारु’, म्हणजे लाकूड. देवदारु आठवा. लाकडाचा कोळसा, कोळशाची दारू.

बखरवाला: नाही हो. शब्द फारसीतून आला, अर्थ औषध. इराणात औषधाच्या दुकानाला आजही ‘दारूखाने’ म्हणतात. आपल्या ‘दवादारू’त तोच अर्थ टिकलाय. चिनी लोकही या भुकटीला ‘हुओयाओ’, म्हणजे आगीचं औषध म्हणतात. अमर करणारं रसायन शोधता शोधता तिथल्या किमयागारांना ती गवसली.

रानवाट: फारसीतही ‘दार’ म्हणजे झाड, आणि औषधं झाडपाल्याचीच. मी मुद्दा सोडत नाही.

मोगरा: आतषबाजी मात्र नक्की फारसी. आतश म्हणजे आग, बाजी म्हणजे खेळ. पारशांच्या आतश बेहराम या अग्निमंदिरातला आतश तोच.

दिवेलागण: फटाक्यांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमचा कुत्रा दिवाळीत चार दिवस पलंगाखालून निघत नाही. कुणाकडे उपाय आहे?

चाफेकळी: त्यासाठी वेगळा धागा काढा. वाकळताई, वाक्य?

वाकळ: ‘वरातीत दारू पुष्कळ उडाली, चंद्रज्योती व नळे मंडळींस फार आवडले.’ साल 1921. दारू म्हणजे दारू, वाक्य कशाला हवं असं वाटलं. बहीण म्हणते, पणजोबांचं व्यसन चारचौघांत नको, ती ओळच गाळ.

बखरवाला: गाळू नका! प्यायची असती तर ‘उडाली’ लिहिलं नसतं. चंद्रज्योती, नळे ही शोभेची दारू. पणजोबांवर उगाच आळ येतोय.

सोरागंधक: मी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

बखरवाला: तुम्ही बंदुकीची म्हणालात. नळ्यात लोखंडाचा कीस घालतात, म्हणून फुलं पडतात. बंदुकीत तो कशाला घालतील?

वाकळ: बहिणीला आत्ताच फोन केला, रडली ती. ओळ राहणार. पुढे ‘दाराशी सोळा बार काढिले’ आहे. हे बार कसले?

मोगरा: बंदुकीचे किंवा तोफेचे आवाज. ‘लग्नाचा बार’ म्हणतो ना, तोच बार.

दिवेलागण: कुत्र्याचं कुणी सांगेल का? दिवाळी आठवड्यावर आलीय.