कोडी सोडवा, पण आधी कान तपासा

सुडोकू-शब्दकोड्यांनी मेंदू तल्लख राहतो असं बरेच जण म्हणतात, ठीकच आहे, पण रोज तेच कोडं सोडवलं की माणूस फक्त त्या कोड्यात तरबेज होतो असं माझं मत. मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते कान! बाबांना ऐकू कमी यायला लागलं तेव्हा आम्हाला वाटलं विसरायला लागलेत, चारचौघांत नुसते हसून मान डोलवायचे आणि मग हळूहळू लोकांत बसणंच बंद केलं. कानाचं मशीन लावायला वर्षभर नाटकं केली (चष्म्याची लाज नाही वाटत, मशीनची मात्र वाटते, कमाल आहे), पण लावल्यावर दोनेक महिन्यांत गप्पांत परत मधेच तोंड घालायला लागले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणाऱ्या, पण ज्यावर काहीतरी करता येतं अशा १४ गोष्टी दिल्यात, त्यात कमी ऐकू येणं आहे, बीपी, डायबेटिस, एकटेपणा वगैरे आहेच, आणि नव्याने घातलेल्या दोन म्हणजे वाढलेलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि उपचार न केलेली कमजोर नजर. तेव्हा मोतीबिंदू 'पिकू दे अजून' म्हणत बसू नका. आणि हो, विसरणं एकदम वाढलं तर वयावर ढकलण्याआधी बी१२ आणि थायरॉईड तपासून घ्या.