मदत हवी आहे: आत्याचा अर्धवट स्वेटर पुरा करायचाय, लोकर पुरेल का?

नमस्कार. विणणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण मापं आणि वजन कळल्याशिवाय कुणालाच नीट सांगता येणार नाही.

माझी आत्या नाशिकला असते. आप्पांसाठी, म्हणजे तिच्या धाकट्या भावासाठी, तिने चार वर्षांपूर्वी शेवाळी रंगाचा, पुढून उघडा, बटणांचा स्वेटर विणायला घेतला होता. पाठ झाली, उजवी बाजू झाली, बाही जेमतेम सहा इंच झाली आणि तिची बोटं आखडायला लागली. संधिवात. उजव्या मनगटाचा त्रास सगळ्यात जास्त. यंदा दिवाळीला गेले तेव्हा तिने सगळं उशीच्या अभ्र्यात बांधून माझ्या हातात दिलं. "आता तूच पुरा कर गं. बाही उसवलीस तरी चालेल, पण भाऊच्या अंगावर दिसू दे."

आम्ही माहीमला राहतो. मुंबईत कशाला हवा स्वेटर, असं कुणी म्हणेल. पण आप्पा ७२ वर्षांचे आहेत आणि पहाटे साडेपाचला शिवाजी पार्कला फेऱ्या मारायला जातात. जानेवारीत पहाटे १६-१७ अंश असतं, उत्तरेचा वारा सुटला की समुद्राकडच्या बाजूला अंगावर शिरशिरी येते. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश नोंदलं गेलं, त्या वेळी आप्पा नऊ वर्षांचे होते. ती थंडी ते अजून सांगतात: आजीच्या लुगड्यांची एकच गोधडी आणि आत त्यांना कुशीत घेऊन झोपलेली आत्या. म्हणून हा स्वेटर मला तिच्याच लोकरीत पुरा करायचाय, आणि जमलं तर संक्रांतीच्या आत.

आता हिशेब. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सगळं मोजलं. पाठ (१२० टाके) ११२ ग्रॅम. उजवी बाजू (५६ टाके) ५० ग्रॅम. उरलेले गुंडे मिळून ६६ ग्रॅम. अर्धवट बाही १८ ग्रॅम. दोन्ही बाह्या होणार नाहीत हे उघड आहे, म्हणून बिनबाह्यांचा करायचा ठरवलंय. डाव्या बाजूला ५० गेले की १६ उरतात. त्यात दोन्ही मुंड्यांच्या (हात घालायच्या कडांच्या) पट्ट्या आणि पुढची बटणपट्टी गळ्यासकट. बाही उसवली तर ३४ होतात. पण ती बाही उसवायला माझा हात होत नाही. आत्याच्या हातचं ते शेवटचं विणकाम आहे. दोनदा सुटं टोक हातात धरलं आणि ठेवून दिलं.

जुळणारी लोकर शोधून झाली. दादरला दोन दुकानांत गुंडा नेऊन दाखवला. एका ठिकाणी शेवाळी मिळाली, ट्यूबलाइटखाली अगदी तीच वाटली, बाहेर उन्हात धरली तर पिवळसर. रंगाईचा लॉट वेगळा, शिवाय ती अ‍ॅक्रिलिक. आत्याची लोकर खरी आहे, मी धाग्याचा तुकडा मेणबत्तीवर धरून पाहिला: केस जळल्यासारखा वास आला, ज्योत काढताच विझला, राख चिमटीत चुरडली. अ‍ॅक्रिलिक असती तर वितळून कडक मणी झाला असता.

दुसरी अडचण हाताची. आत्याचा हात घट्ट. तिच्या विणीत १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसतात, तिच्याच १० नंबरच्या सुयांवर माझे २२. म्हणजे ५६ टाक्यांची डावी बाजू माझ्याकडून दोन सेंटिमीटर रुंद होणार. मी मुद्दाम हात आवळून पाहिलं. माहीम ते अंधेरी लोकलमध्ये बसायला मिळतं, तेवढ्या वेळात सहा ओळी होतात. पण आवळून विणलं की अंगठा दुखतो आणि तिसऱ्या ओळीनंतर हात पुन्हा सैल पडतो.

तर प्रश्न असे: बाही न उसवता लोकर पुरवायची कशी? आणि वीण आत्याच्या विणीशी जुळवायची कशी?

प्रतिसाद

ताई, आधी हाताचं बोलू. हात आवळू नका, सुई बदला. आपल्याकडे सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते: १० म्हणजे ३.२५ मिलिमीटर, ११ म्हणजे ३, १२ म्हणजे २.७५. आधी ११ वर, मग १२ वर नमुना विणून बघा. नमुना निदान ३० टाक्यांचा हवा आणि मधले १० सेंटिमीटर मोजायचे, कडेचे टाके धरायचे नाहीत. मोजण्याआधी गार पाण्यात भिजवा, पिळू नका, टॉवेलवर आडवा पसरून सावलीत वाळवा. खरी लोकर धुतल्यावर फुलते, टाके एकमेकांत बसतात. दोरीवर टांगलात तर वजनाने लांबेल आणि माप चुकेल. खालची बॉर्डर विणीच्या सुईपेक्षा दोन नंबर बारीक सुईवर घ्या.

नमुना झाला की उसवून तीच लोकर वापरा. तुमच्याकडे एक ग्रॅमही वाया घालवण्यासारखा नाही.

प्रतिसाद

लोकरीचा हिशेब मी मांडून पाहिला. तुमची पाठ साधारण २८५० चौरस सेंटिमीटर भरत असेल, तिला ११२ ग्रॅम लागले. दोन टाके सुलट, दोन उलट अशा विणीच्या पट्टीला जरा जास्त लोकर लागते. मुंड्याच्या पट्ट्या अडीच सेंटिमीटर रुंद केल्या तर दोन्ही मिळून ११-१२ ग्रॅम होतील. बटणपट्टी गळ्यासकट दीड मीटर लांब आणि तीन सेंटिमीटर रुंद, म्हणजे २० ग्रॅम. सगळं एकाच रंगात करायला ३२ हवेत, बाही उसवून ३४ मिळतात. इतक्या काठावर मी तरी जाणार नाही.

त्यापेक्षा मुंड्याच्या पट्ट्या शेवाळीत करा, १६ मध्ये बसतील. बटणपट्टी आणि गळा गडद तपकिरी घ्या, त्याच जाडीच्या खऱ्या लोकरीत. जवळपासचा शेवाळी घेऊ नका. थोडासा वेगळा रंग चूक दिसतो, पूर्ण वेगळा रंग ठरवून केल्यासारखा दिसतो. बाही उसवायची गरजच नाही.

आणि कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागली आहे का बघितलंत का? चार वर्षं अभ्र्यात होतं. गुंडे उन्हात धरून कुठे धागा कुरतडलाय का ते तपासा, नाहीतर ऐन मुंड्यापाशी तुटेल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. गुंडे तपासले, एका ठिकाणी धागा कुरतडलेला होता, तिथे कापून ठेवलाय. नमुना ११ वर २३ टाके आला, १२ वर भिजवून-वाळवून बरोबर २४. काल रात्री डाव्या बाजूचे ५६ टाके घातले. १२ नंबरच्या सरळ सुया लोकलमध्ये शेजारणीच्या कोपराला लागतात, म्हणून २.७५ ची वायरची सुई (दोन आखूड सुया वायरने जोडलेली) घेतली. तपकिरी लोकरही मिळाली.

रात्री आत्याला फोन केला. बाही उसवत नाही म्हटल्यावर ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मग ती शिवून मला पाठव. उजव्या मनगटावर चढवीन, इथे सकाळी फार ठणकतं." बाहीचे टाके बंद केले, कडा शिवली, घेर २३ सेंटिमीटर आला. उद्या कुरिअर करते.

मुंड्यापर्यंत पोचले की उरलेल्या लोकरीचं वजन इथे लिहीन.