नागपुरात छोटी इलेक्ट्रिक गाडी: मे महिन्यात काय हाल होतात?

मनीषनगरला राहतो, ऑफिस हिंगणा एमआयडीसीत. टियागो ईव्ही (२४ किलोवॅट-अवर बॅटरी) घ्यावी म्हणतोय. बायको म्हणते, ४५ डिग्रीत एसी लावला की बॅटरी रस्त्यातच राम म्हणेल. त्यात सासुरवाडी वर्ध्याची. कोणी वापरतंय का?

उत्तर १
भाऊ, तीच गाडी, दोन उन्हाळे काढले. एसी लावून शहरात एका चार्जमध्ये १९० किलोमीटर मिळतात. वर्धा एका चार्जमध्ये जाऊन-येऊन होतं, पण हायवेवर ८० च्या वर पळवू नका, आकडा भराभरा उतरतो. (सासुरवाडीला पोचायची एवढी घाई कशाला!)

बॅटरीपेक्षा वायरिंग सांभाळा. आमच्या इलेक्ट्रिशियननं गाडी चार्ज करायला १५ अँपिअरचा पॉइंट कूलरच्या जुन्या वायरीवर जोडून दिला. तिसऱ्या रात्री पार्किंगमध्ये जळका वास. पाहतो तर सॉकेटचं एक भोक काळं पडून वितळलेलं, प्लग निघता निघेना. मग मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच), नवीन अर्थिंग. आता रात्री अकराला लावतो, सकाळी तयार.

दुपारी सीताबर्डीत उन्हात उभी केली तर स्टिअरिंगला हात लावत नाही. फोनवरून दहा मिनिटं आधी एसी सुरू करतो.

उत्तर २
फ्लॅट असेल तर गाडीआधी सोसायटीशी बोला बाप्पा. आमच्याकडे वायर कुठून न्यायची यावरच तीन मीटिंगा झाल्या.

प्रश्नकर्ता
फ्लॅटच आहे. मीटरची खोली पार्किंगला लागूनच आहे, रविवारी टेप घेऊन वायर मोजतो. ८० चं बायकोला सांगितलं, ती म्हणे, एरवी तरी कुठे जोरात नेता!