मानक ठरलं होतं, पण...
'एकच प्रोग्रॅम सगळीकडे चालावा म्हणून सगळ्या डिस्ट्रोंनी (उबुंटू, डेबियनसारख्या लिनक्सच्या वेगवेगळ्या रूपांनी) मिळून एकच मानक का ठरवलं नाही?' असं कुणीतरी विचारलंय. ठरवलं होतं की! लिनक्स स्टँडर्ड बेस, म्हणजे एलएसबी. २००६ मध्ये त्याला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा शिक्काही मिळाला. पण पॅकेज (सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायची फाइल) रेड हॅटच्या आरपीएम प्रकारातलंच हवं ही अट. डेबियनचा प्रकार वेगळा, त्यामुळे डेबियनवाले ते पॅकेज 'एलियन' या टूलने बदलून घेत बसायचे. २०१५ मध्ये त्यांनी एलएसबीची बहुतेक पॅकेजेस काढूनच टाकली. माझ्या मते बरंच केलं, प्रमाणित सॉफ्टवेअर होती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

खरी गोची जीलिबसीची, म्हणजे लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम जिच्यावर अवलंबून असतात त्या सी लायब्ररीची. उबुंटू २२.०४ वर साधा सी प्रोग्रॅम कंपाइल करून २०.०४ वर चालवून बघा: 'जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड', म्हणजे प्रोग्रॅमला हवी ती नवी जीलिबसी तिथे नाही. उलट केलंत तर बिनतक्रार चालतो. म्हणून बिल्ड (कंपाइल) ज्यांवर प्रोग्रॅम चालवायचाय त्यांतल्या सगळ्यात जुन्या डिस्ट्रोवर करा. त्यासाठी वेगळं मशीन नको, तिचा डॉकर कंटेनर (आपल्याच मशीनवर दुसरी डिस्ट्रो वेगळी चालवायची सोय) पुरतो.