मदत हवी आहे: आईची झोप उडाली, बाजारातल्या जडीबुटीच्या पुड्या द्याव्यात का?

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. आईचं वय ५८. यंदा सोयाबीन पावसात गेलं, तेव्हापासून तिची झोप उडाली आहे. रात्री अडीचला उठून ओसरीवर अंधारात बसते, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते. विचारलं तर म्हणते, "काही नाही रे, छातीत धडधडते."

मामांनी आठवडी बाजारातून दोन पुड्या आणल्या. एक अश्वगंधा. दुसरीवर नावच नाही. विकणारा म्हणाला, 'सर्पगंधा, जटामांसी अन् अजून काही'. ते 'अजून काही' म्हणजे काय, याचीच मला भीती वाटते. आई रोज थायरॉईडची आणि बीपीची गोळी घेते. सर्पगंधेतल्या रेसर्पिन या घटकाने बीपी उतरतो, उदासीही वाढू शकते. अश्वगंधेने थायरॉईडची पातळी वाढू शकते, क्वचित यकृतालाही इजा होते. म्हणून पुड्या अजून उघडल्या नाहीत. पण मामा म्हणतात, "झाडपाल्यानं काय होते?" त्यांनी मायेनं आणलंय, मन मोडवत नाही.

सोमवारी आईला तालुक्याला डॉक्टरांकडे नेतोय, पुड्याही सोबत नेईन. तोवर सांगा: थायरॉईडच्या गोळीसोबत अश्वगंधा घेणारं कुणी घरात आहे का, डॉक्टर काय म्हणाले? रात्री दुधात चिमूटभर जायफळ चालेल का? आणि सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर कुणी मराठीत बोललंय का? आई अनोळखी माणसाशी फोनवर बोलेल, असं कसं जमवलंत?