परदेशात गाडी विकत घेऊन फिरलात का? पत्ता कुणाचा दिलात? (अनुभव धागा)

आमचं घर केरी-पेडण्याचं. पावसाळा सरला की हरमलच्या सुरुच्या झाडांखाली परक्या नंबरांच्या गाड्या येऊन उभ्या राहायच्या. आतच चूल, आतच बिछाना, दोन झाडांमध्ये दोरी बांधून वाळत घातलेले कपडे. ही माणसं तुर्कस्तान, इराण करत रस्त्याने आलीत असं बाबा सांगायचे, तेव्हापासून ते डोक्यात बसलंय. आता मी शाळेतून निवृत्त झालेय. यजमान आणि मी पुढच्या ऑक्टोबरात न्यूझीलंडला चार महिने जायचं म्हणतोय. चार महिन्यांचं भाडं भरण्यापेक्षा गाडी विकत घ्यावी आणि निघताना विकावी, असा हिशेब आहे. पण आपल्याकडे साधी स्कूटर नावावर करायची तर राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. तिथे आम्ही कुठला पत्ता देणार? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. देश कुठलाही चालेल.

फोंडा (न्यूझीलंड)

बाई, मी २०१८ च्या ऑक्टोबरात क्राइस्टचर्चला उतरलो आणि पाच महिने फिरलो. आरटीओसारखं एखादं मोठं ऑफिस असेल, एजंट गाठावा लागेल, अशी तयारी करून गेलो होतो. नाव लागलं ते पोस्टाच्या काउंटरवर! पासपोर्ट आणि लायसन्स दाखवलं, फॉर्म भरला, किरकोळ फी भरली, संपलं. पत्ता मी हॉस्टेलचा दिला. आधी मॅनेजरबाईंना विचारलं होतं. त्यांच्याकडे अशी पत्रं ठेवायला वेगळा खणच होता.

मात्र तिथल्या नोंदीत तुम्ही 'नोंदणीकृत व्यक्ती' असता. नोंद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून विकणाऱ्याकडून सहीची पावती घ्याच. गाडीवर कुणाचं कर्ज आहे का तेही ऑनलाइन बघा, थोडक्या पैशांत कळतं. कर्ज थकलेलं असलं तर कर्ज देणारा गाडी तुमच्याकडूनही ओढून नेऊ शकतो.

मी फसलो ते डिझेलमुळे. पेट्रोलच्या भावात रस्त्याचा कर धरलेला असतो, डिझेलच्या भावात नसतो. डिझेल गाडीला हजार-हजार किलोमीटरचा कर आगाऊ विकत घ्यावा लागतो आणि त्याची चिठ्ठी काचेवर लावायची असते. त्या वेळी हजाराला साधारण ७० डॉलर पडत. माझ्या व्हॅनच्या चिठ्ठीवरचा आकडा मीटरपेक्षा हजारो किलोमीटर मागे होता. मी इंजीन पाहिलं, टायर पाहिले, गादीसुद्धा उचलून पाहिली, पण ती इवलीशी चिठ्ठी वाचली नाही. थकलेला कर गाडीबरोबर नव्या माणसाकडे येतो. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तुम्ही पेट्रोलचीच घ्या, नाहीतर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून वाचा.

फिटनेसच्या दाखल्याला तिथे 'वॉफ' म्हणतात. विकणाऱ्याने तो एक महिन्याच्या आतला द्यायला हवा. 'आहे तशी घेतो' असं लिहून दिलंत तर तो हक्क जातो. जपानहून आलेल्या जुन्या एस्टिमा किंवा बोंगो व्हॅन मुबलक मिळतात. २००० पूर्वी नोंद झालेल्या गाड्यांना तेव्हा दर ६ महिन्यांनी वॉफ लागायचा, म्हणून वर्ष बघून घ्या. थर्ड पार्टी विमा तिथे सक्तीचा नाही. अपघातात माणसाला झालेल्या इजेचा खर्च सरकारी योजनेतून होतो, पण दुसऱ्याची गाडी ठोकली तर ती भरपाई तुमच्या खिशातून. मी विमा घेतला. दक्षिण बेटावरचे एकपदरी पूल पाहिल्यावर तो घेतल्याचं समाधान वाटलं.

आणखी एक. २०२३ मध्ये नियम बदलला. बऱ्याच सार्वजनिक जागी फुकट मुक्काम करायचा तर गाडीत पक्का बसवलेला संडास हवा, सुटा डबा चालत नाही. जुन्या नियमाच्या निळ्या स्टिकरवर विसंबू नका. आणि एप्रिलपर्यंत थांबू नका. उन्हाळा संपला की सगळेच विकायला काढतात. मी मार्चच्या सुरुवातीला ऑकलंडमध्ये विकली, घेतलेल्या किमतीच्या जवळपास पैसे परत आले. विकल्याची नोंद मात्र स्वतः केली, नव्या माणसावर सोडली नाही. नाहीतर त्याचे टोल आणि दंड माझ्या नावावर आले असते.

म्हापसा (ऑस्ट्रेलिया)

वरच्या दादांनी लिहिलंय त्यात माझी भर एवढीच की ऑस्ट्रेलियात देशाचा असा एक नियम नाही, प्रत्येक राज्याचा वेगळा. आम्हा दोघी मैत्रिणींना हे मेलबर्नला पोचल्यावर कळलं. व्हिक्टोरियात गाडी नावावर करताना रोडवर्दी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा, दाखला लागतो. न्यू साउथ वेल्समध्ये सक्तीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची नोंदणी चालू असलेली गाडी तिथेच घेतली तर नाव बदलताना तपासणी लागत नाही. शिवाय तिथली नोंदणी, 'रेगो' म्हणतात तिला, देशात कुठूनही ऑनलाइन वाढवता येते आणि माणसांच्या इजेचा विमा तिच्यातच असतो. म्हणून आम्ही पर्थला जाऊनच घेतली. किमतीवर राज्याचा कर भरावा लागतो, तो हिशेबात धरा.

पत्ता मैत्रिणीच्या मावसबहिणीचा. तिने स्वतः देऊ केला, पण आमच्या मनावर त्याचं ओझं होतं. कॅमेऱ्याने वेग पकडला तर नोटीस तिच्या दारात जाणार. म्हणून दर आठवड्याला तिला फोन करायचा आणि पहिला प्रश्न, 'ताई, काही पत्र आलंय?' एकदा आलं. सिडनीच्या टोलचं. त्याच दिवशी भरलं.

नलारबॉरच्या ओसाड माळावरच्या वाटेवर १४६ किलोमीटरचा एक सरळसोट पट्टा आहे, एकही वळण नाही. आपल्याकडे चोर्ला घाट चढायची सवय. तिथे स्टेअरिंग धरून हात नुसते अवघडून जातात. सूर्य कलला की गाडी थांबवायची, हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही, कारण कांगारू तेव्हाच रस्त्यावर येतात. परतताना पश्चिमेकडे जाताना वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर फळं, भाज्या आणि मधसुद्धा काढून घेतात. तिथवर पोचण्याआधी सगळं शिजवून संपवा.

पणजी (चिली)

मी आणि नवरा, २०१६. पुएर्तो माँतपासून खाली जाणारा कारेतेरा ऑस्ट्राल हा सुमारे १२४० किलोमीटरचा रस्ता करायचा होता.

चिलीत गाडी घेण्याआधी करखात्याकडून रुत नावाचा नंबर काढावा लागतो. आपल्या पॅनसारखा समजा. आम्हाला त्यासाठी तिथला पत्ता आणि जबाबदारी घेणारा तिथलाच एक माणूस लागला. सांतियागोत ज्यांच्याकडे खोली घेतली होती ते आजोबा आमच्याबरोबर ऑफिसात आले, तीन तास बसले. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

खरेदी नोटरीपुढे. फॉर्मवर 'कोंप्राव्हेंता' (खरेदी-विक्री) वाचलं आणि मला एकदम माझे आजोबा आठवले. ते लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या शाळेत, शिकलेले. आमच्या भाटाच्या जुन्या पोर्तुगीज एस्क्रितुरांवर (खरेदीखतांवर) याच अर्थाचे 'कोंप्रा ई व्हेंदा' हे शब्द ते आम्हाला बोट ठेवून दाखवायचे. स्पॅनिश येत नव्हतं, तरी त्या कागदातला अर्धा मजकूर मला त्यांच्यामुळे लागला.

तीन गोष्टी चालू असलेलीच गाडी घ्या: नगरपालिकेला भरायचा वार्षिक परवाना (खासगी गाड्यांना ३१ मार्चची मुदत), तांत्रिक तपासणी आणि सक्तीचा विमा. इकिके आणि पुंता आरेनासला करमुक्त क्षेत्रातल्या स्वस्त गाड्या दिसतात. त्या देशाच्या इतर भागात मोकळेपणाने नेता येत नाहीत, तेव्हा मोहात पडू नका. अर्जेंटिनात जाताना तिथला विमा वेगळा घ्यावा लागला. सीमेवर मिळालेला तात्पुरत्या आयातीचा कागद मी पासपोर्टच्या पाकिटात ठेवला होता, बाहेर पडताना तो परत द्यायचा असतो. आणि चिलीची गाडी अर्जेंटिनात विकता येत नाही, ती घेऊन परत यावंच लागतं. आम्ही आलो, विकली, आणि शेवटच्या रात्री आजोबांकडे जेवलो.

डिचोली (जर्मनी)

तिथे शिकत होतो, त्यामुळे पालिकेत पत्त्याची नोंद होती. विम्याचा ईव्हीबी नंबर, चालू असलेली दोन वर्षांची तपासणी आणि गाडीचे दोन्ही कागद घेऊन गेलो. नोंदणी ऑफिसच्या शेजारच्याच दुकानात नंबरप्लेट ठोकून दिली, आत जाऊन तिच्यावर शिक्का चिकटवून घेतला. दुपारी गाडी रस्त्यावर. पण त्याच उन्हाळ्यात मित्र टुरिस्ट व्हिसावर आला, त्याला नेहमीची नोंदणी मिळाली नाही. पर्यटकाला लाल पट्टीची, मुदतीची तारीख छापलेली निर्यात प्लेट हाच मार्ग उरतो. तिच्यासाठीही तिथला कुणीतरी पत्रं स्वीकारायला लागतो.

मडगाव (इंग्लंडहून युरोप)

धाकटा भाऊ स्विंडनला, पोर्तुगीज पासपोर्टवर. व्हॅन त्याच्याच नावावर घेतली, विम्यात मी जादा चालक. माझं भारतीय लायसन्स ऐकून दोन विमावाल्यांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने जास्त पैसे घेऊन हो म्हटलं. आधी विम्याची सोय बघा, मग गाडी.

ऑनलाइन नंबर टाकला की त्या गाडीच्या एमओटीचा, म्हणजे तिथल्या वार्षिक तपासणीचा, इतिहास फुकट वाचता येतो: कधी नापास झाली, कशामुळे, मीटर तेव्हा किती होता. आम्ही तीन व्हॅन त्यावरूनच सोडल्या. रोड टॅक्स २०१४ पासून गाडीबरोबर येत नाही. आधीच्या मालकाने भरला असला तरी तुम्ही नव्याने भरायचा. आम्ही त्याच्या अंगणात उभे राहून, लॉगबुकच्या (गाडीच्या नोंदणीच्या कागदाच्या) हिरव्या चिठ्ठीवरचा नंबर घालून भरला आणि मगच चावी फिरवली. फ्रान्सच्या कॅले बंदरात उतरल्यावर उजवीकडून चालवायचं, स्टेअरिंगही उजवीकडेच. टोलच्या खिडकीशी पैसे द्यायचं काम शेजारी बसलेल्याचं.

गाडी आवडली म्हणून घरी आणायचा विचार कुणी करत असेल तर: वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, उजव्या स्टेअरिंगची हवी, आणि मुंबई बंदरातूनच यावी लागते. वर ड्युटी. आम्ही तिथेच विकली.

साखळी (आपलीच मोटरसायकल)

मी विकत घेतली नाही, घरचीच नेली. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून कार्ने, म्हणजे गाडी ड्युटी न भरता तात्पुरती दुसऱ्या देशात नेण्याचं पुस्तक, काढलं, बँकेत हमी अडकवली. मुदत एक वर्ष. प्रत्येक सीमेवर आत जाताना शिक्का, बाहेर पडताना शिक्का. बाहेरचा राहिला तर तो देश ड्युटी मागतो. इराणमध्ये एका कस्टमच्या माणसाने मला आधी चहा पाजला, मग शिक्का मारला. पत्त्याचा प्रश्न मात्र कुणी केला नाही. प्लेट जीए-०४, कागदावर साखळीचंच घर.

आणि आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून जा. फॉर्म ४-ए, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष.

पुन्हा मी, केरीहून

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, काल रात्री यजमानांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. पेट्रोलची गाडी हे ठरलं. मार्चच्या आत विकणं हेही ठरलं. आज क्राइस्टचर्चच्या एका हॉस्टेलला लिहून विचारलंय की पत्र ठेवाल का.

यजमानांना त्यानंतर जपानही बघायचंय, निदान होक्काइडो. तिथे गाडी नावावर करायची तर आधी गाडी उभी करायच्या जागेचा पोलिसांचा दाखला दाखवावा लागतो. म्हणजे नुसता पत्ता पुरत नाही, अंगणही हवं. हे कुणी केलंय का? जागा कुणाची दाखवलीत?