मदत हवी आहे: गर्दीच्या वेळी डिशवॉशरचं रिन्सचं पाणी ६३ अंशांवर उतरतंय

कॅन्टीनवाली

मंडळी, नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कारखान्याचं कॅन्टीन आम्ही चालवतो. हूडवालं (वरून झाकण खाली ओढायचं) डिशवॉशर आहे, तीन फेजवर चालणारं. रिन्सचा, म्हणजे शेवटी ताटं खंगाळायच्या गरम पाण्याचा, बॉयलर ९ किलोवॅटचा, त्यात ३ किलोवॅटच्या तीन कॉइल.

सकाळी ताटांच्या पहिल्या रॅकला डिस्प्लेवर ८४ अंश दिसतं. जेवणाची सुट्टी झाली की दर दीड मिनिटाला रॅक आत जातो आणि आकडा उतरत उतरत ६२-६४ वर येऊन बसतो. त्याखाली जात नाही, पण गर्दी ओसरेपर्यंत वरही चढत नाही. वॉश टाकी मात्र ६० च्या आसपास व्यवस्थित असते. उन्हाळ्यात ही तक्रार नव्हती, थंडी पडल्यापासून सुरू झाली.

ताटं ओली आणि जेमतेम कोमट बाहेर येतात. मिसळीच्या दिवशी कप्प्यांच्या कोपऱ्यांत तर्रीची केशरी रेघ राहते. पोरं आता फडक्याने पुसायला लागली आहेत आणि ते मला अजिबात चालणार नाही. एकच ओलं फडकं शेकडो ताटांवरून फिरणार, त्यात लोक जेवणार!

सर्व्हिसवाल्याने मशीन न उघडताच नवीन बॉयलर टाकायला सांगितलं. एवढा खर्च करण्याआधी काय तपासावं? रिन्स चालू असताना गेज १८ पीएसआय दाखवतं. आत येणारं पाणी सध्या २० अंश आहे. एमआयडीसीच्या पाण्यात थोडं बोअरचं मिसळलेलं असतं.

तीनफेज

ताई, बॉयलर बदलायची घाई करू नका. तुमचे आकडेच बरंच सांगतायत.

तुमच्यासारखं हूडवालं मशीन एका रॅकला साधारण ३ लिटर पाणी घेतं. दीड मिनिटाला एक रॅक म्हणजे तासाला ४० रॅक, १२० लिटर. १ किलोवॅटची कॉइल तासाभरात ८६० लिटर पाणी १ अंशाने तापवते. ९ किलोवॅट पूर्ण मिळाले तर १२० लिटर पाणी ६४-६५ अंशांनी चढतं, म्हणजे २० चं ८४-८५. हेच ६ किलोवॅटवर करून बघा: वाढ ४३ अंश, पाणी ६३ वर अडकणार. तुमचा आकडा तोच आहे. माझ्या मते तीनपैकी एक कॉइल काम करत नाहीये, आणि कदाचित उन्हाळ्यापासूनच. तेव्हा आत येणारं पाणीच गरम असल्याने ते लपून गेलं.

सॉलेनॉइड व्हॉल्व्ह (पाणी सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) गळत असेल तर थंड पाणी सतत बॉयलरमधून वाहत राहतं, पण मग पहिल्या रॅकलाही ८४ दिसलं नसतं. प्रेशरही ठीक आहे. ते २५ च्या वर असतं तर पाणी जास्त गेलं असतं.

इलेक्ट्रिशियनला बोलवा. बॉयलर तापत असताना टाँग टेस्टरने (वायरभोवती अडकवायच्या करंट मीटरने) प्रत्येक कॉइलचा करंट बघायला सांगा. २३० व्होल्टला ३ किलोवॅटची कॉइल १३ अँपिअर घेते. एकीवर शून्य आलं तर त्या कॉइलला व्होल्टेज पोचतंय का ते बघायचं. पोचत नसेल तर कॉन्टॅक्टरचा (कॉइलची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) पॉइंट जळालाय, फ्यूज गेलाय किंवा वायर सैल आहे. पोचत असेल तर मेन बंद करून, वायर सोडवून कॉइलचा ओहम मोजायचा. चांगली कॉइल १७-१८ ओहम दाखवते. हे काम कॅन्टीनच्या पोरांकडून करून घेऊ नका, ओल्या फरशीवर तीन फेज आहेत.

कॅन्टीनवाली

दादा, मनापासून आभार. आज करंट बघितला: १३, १३ आणि तिसरीवर शून्य. कॉन्टॅक्टरमधून व्होल्टेज येतंय, पण ती कॉइल ओहमला पूर्ण उघडी, म्हणजे आतून तुटलेली दाखवते. बॉयलरचं तोंड उघडलं तर तिन्ही कॉइलवर पांढरा, दगडासारखा थर. तिन्ही बदलायच्या का?

क्षारमुक्त

थर तुमच्या बोअरच्या पाण्याचा. क्षारामुळे कॉइल वीज कमी घेत नाही. होतं असं, की उष्णता पाण्यात लवकर उतरत नाही, कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि शेवटी तुटते. उरलेल्या दोन त्याच वाटेवर आहेत. बॉयलर उघडलाच आहे तर तिन्ही नव्या टाका, गॅस्केटसकट. सेन्सरवरचा थरही काढा, नाहीतर डिस्प्ले मागे पडतो.

टाकी सायट्रिक किंवा सल्फॅमिक अ‍ॅसिडने साफ करा आणि भरपूर पाण्याने धुवा. संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आत जाऊ देऊ नका, ते स्टेनलेस स्टीलला खड्डे पाडतं. रिन्स आर्मचे नोझलही उघडून बघा.

आणि सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) बसवा. तो चालतोय का हे टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर कळत नाही, कारण सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम सोडतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. थेंब टाकून रंग बदलणारं हार्डनेस किट घ्या. मीठ संपलं की सॉफ्टनर नुसता शोभेचा राहतो, म्हणून मिठाची जबाबदारी एकाच माणसावर टाका.

कॅन्टीनवाली

कॉइल यायला वेळ लागेल. तोवर जेवण तर थांबवता येत नाही.

तीनफेज

तोवर वेग कमी करा. ६ किलोवॅटवर तासाला २६ रॅकच ८५ ला जातात, म्हणजे दोन रॅकमध्ये सव्वादोन मिनिटं. मशीनमध्ये थर्मोस्टॉप असेल तर तो चालू करा. बॉयलर तापल्याशिवाय तो रिन्स सोडतच नाही, सायकल लांबते एवढंच. बऱ्याच ठिकाणी काम लवकर उरकावं म्हणून तो बंद करून ठेवतात.

गच्चीवर सोलर असेल तर उत्तमच. ४५ अंशांचं पाणी आत आलं तर तुमच्या पूर्ण वेगालाही ५.६ किलोवॅट पुरतात. इनलेटला किती गरम पाणी चालतं ते मॅन्युअलमध्ये आधी बघा.

नव्या कॉइल बसल्यावर नुसत्या डिस्प्लेवर विसंबू नका. अमेरिकेच्या फूड कोडमध्ये अशा मशीनला रिन्सचं पाणी ८२ ते ९० अंश आणि ताटाचा पृष्ठभाग ७१ अंश मागितला आहे. ७१ ला काळी पडणारी चिकटपट्टी मिळते. ती ऐन गर्दीतल्या एका ताटावर लावून आत सोडा, सकाळच्या पहिल्या रॅकवर नको.

कॅन्टीनवाली

थर्मोस्टॉप खरंच बंद होता, आता चालू केलाय. रॅक हळू निघतात, पण ताटं वाफाळत येतात आणि आपोआप सुकतात. फडकी उचलून ठेवली. तिन्ही कॉइल, गॅस्केट आणि पट्ट्या मागवल्यात. गर्दीतली पट्टी काळी पडली की इथे कळवते.